उजव्या खुर्चीत बसायला जाताना

भुसावळ

चि. अश्विनी,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तुझा आवाज पडलेला वाटला. ऑफर आली म्हणालीस आणि लगेच, घ्यावीशी वाटत नाही, असंही म्हणालीस. विमान एअरबसचं ए३२०, ट्रेनिंग गुरुग्रामला, पण हुद्दा को-पायलटचा. एटीआरवर, त्या छोट्या पंख्याच्या विमानावर, कॅप्टनच्या चार पट्ट्या लावून डाव्या खुर्चीत बसत होतीस, आता तीन पट्ट्या आणि उजवी खुर्ची. शेजारचा कॅप्टन वयाने तुझ्याहून लहानही असेल. तेवढ्यात तुझ्या आईने 'जेवलीस का' विचारायला फोन घेतला आणि माझं बोलणं राहून गेलं. माझं मत आधीच सांगून टाकतो. ऑफर घे. आणि तिथे गेल्यावर एटीआरची कॅप्टन म्हणून बसू नकोस, नवी म्हणून बस.

तुझी कंपनी बंद पडली त्यात तुझ्या उडवण्याचा काय दोष? किंगफिशर २०१२ च्या ऑक्टोबरात थांबली, जेट १७ एप्रिल २०१९ ला, गो फर्स्ट मे २०२३ च्या सुरुवातीला. तिन्ही वेळा चांगले चांगले कॅप्टन घरी बसले. पण त्यांच्यात एक फरक होता, तो नीट बघ. गो फर्स्टची माणसं ए३२० वरची होती. तेच विमान इंडिगोकडे आणि तेच एअर इंडियाकडे. त्यांना नव्या कंपनीची पद्धत तेवढी शिकायची होती, विमान हातातलंच होतं. जेटचे पुष्कळसे पायलट बोइंग ७३७ वरचे. स्पाइसजेटने जेटची काही ७३७ घेतली तेव्हा त्यातल्या बऱ्याच जणांची सोय लागली. ज्यांना एअरबसवाल्या कंपनीत जायचं होतं त्यांना पुन्हा वर्गात बसावं लागलं. पायलटच्या तासांना किंमत असतेच, पण ते तास कोणत्या विमानावरचे हेही बघतात. इंडिगोने जून २०२३ मध्ये एकदम ५०० विमानांची ऑर्डर दिली, ती सगळी ए३२० कुटुंबातली. एअर इंडियाने त्याच वर्षी फेब्रुवारीत ४७० सांगितली होती. एटीआर गुणी विमान आहे, आपल्या जळगावला उतरतं तेही तेच. पण आपल्या देशात ते चालवणाऱ्या कंपन्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. तुझ्या अजून कितीतरी वर्षांच्या नोकरीचा भार तेवढ्यावर टाकू नये असं मला वाटतं.

वेळही बरी आहे. वैमानिकांची आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर गेली, रात्रीच्या लँडिंगची मर्यादा सहावरून दोनवर आली. कंपन्यांना आता तेवढ्याच फेऱ्यांना जास्त पायलट लागतात. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, त्याचं एक मोठं कारण पायलट पुरेसे नव्हते हेच. लोकांचे फार हाल झाले, पण नियम योग्य आहे. रात्रभर मालगाडी ओढून सकाळी डोळे ताणून सिग्नल बघितलेत मी, मला कोणी विश्रांतीचं महत्त्व सांगायला नको.

आता मला जे खरं सांगायचं आहे ते.

दिवाळीत तू स्वयंपाकघरातल्या ओट्यापाशी उभी राहून मला दोन्ही विमानांतला फरक समजावला होतास. एटीआरला समोर योक, म्हणजे स्टिअरिंगसारखं हँडल. डाव्या खुर्चीत बसलं की डावा हात योकवर, उजवा पॉवर लिव्हरवर. ताकद आपोआप सांभाळणारं ऑटोथ्रॉटल नाही, त्यामुळे इंजिनाची ताकद कमीजास्त करायची ती हातानेच. ए३२० ला योकच नाही, बाजूला छोटी दांडी, साइडस्टिक. आणि तू आता उजवीकडे बसणार, म्हणजे स्टिक उजव्या हातात आणि थ्रस्ट लिव्हर डाव्या. वर्षानुवर्षं उजव्या हाताने जे केलं ते आता डाव्याने करायचं. त्यातून एअरबसचं ऑटोथ्रॉटल, म्हणजे ऑटोथ्रस्ट, चालू असताना इंजिनाची ताकद बदलते पण लिव्हर जागचे हलत नाहीत. हाताला काही कळत नाही, डोळ्यांनी आकडे बघावे लागतात. एटीआरचे दोन्ही योक एकमेकांना जोडलेले, शेजाऱ्याने ओढलं की तुझ्या हातात जाणवतं. एअरबसच्या दोन स्टिकांचा एकमेकींशी असा संबंध नाही. दोघांनी एकदम हलवल्या तर विमान दोघांची बेरीज करतं आणि 'ड्युअल इनपुट' असं ओरडून सांगतं. हे तूच हातवारे करून दाखवलंस, तेव्हा तुझ्या हातात उलथनं होतं.

मला त्या वेळी आमची कन्व्हर्जनची बॅच आठवली. डब्ल्यूएजी-७ हे मालगाडीचं जुनं विजेचं इंजिन सोडून नवं डब्ल्यूएजी-९ शिकायला आम्हाला ट्रेनिंग सेंटरला बसवलं होतं. जुन्या इंजिनात काही अडलं की आम्ही मागे मशीनरूममध्ये जायचो, कोणता रिले पडला ते बघायचो, गरज पडली तर त्याला वेज, म्हणजे पाचर, लावून गाडी पुढच्या स्टेशनपर्यंत न्यायचो. ज्याला रिले तोंडपाठ तो मोठा ड्रायव्हर, अशी तेव्हा ख्याती असायची. नव्या थ्री-फेज इंजिनात फॉल्ट स्क्रीनवर येतो. तो वाचायचा, आणि सांगितलंय तेवढंच करायचं. आमच्या बॅचमधल्या नव्या पोरांना हे आठवडाभरात जमलं. अडकले ते आमचे सगळ्यात अनुभवी गाडीवान. एक सीनियर होते, मेल गाड्या चालवलेले, सगळ्या डिव्हिजनमध्ये मान असलेले. सरावात फॉल्ट दिला की स्क्रीनवर मेसेज आलेला असायचा आणि हे दार उघडून मागे निघालेले असायचे. पाय आपोआप तिकडे जायचे. इन्स्ट्रक्टर त्यांना काही बोलायला कचरायचा, कारण त्याच्या उमेदवारीत त्याला शिकवलं होतं यांनीच. शेवटी ते स्वतःच म्हणाले, "मला सगळ्यात शेवटी नको, सगळ्यात आधी विचारत जा." त्यांनी रोज सगळ्यांसमोर चुकून घेतलं आणि महिनाभरात पक्के झाले. दुसरे एक होते ते गप्प बसून राहिले, विचारलं की 'येतं मला' म्हणायचे. त्यांना पुन्हा बसावं लागलं.

तू त्या पहिल्या सीनियरांसारखी वाग. तुमच्याकडेही संकट आलं की स्क्रीनवर ओळी येतात, काय करायचं ते क्रमाने लिहिलेलं असतं. एटीआरची सवय तुझ्या हाताला घाई करायला लावेल. सिम्युलेटरमध्ये ती घाई लपवू नकोस, वर येऊ दे. इन्स्ट्रक्टरला स्वतःहून सांग की मी डाव्या खुर्चीतून आलेय, माझा हात कुठे चुकतो ते बघा. आधी वर्ग, मग संगणकावरचा अभ्यास, मग सिम्युलेटर, मग प्रत्यक्ष फेऱ्यांवरचं लाइन ट्रेनिंग, मग शेवटची परीक्षा, रूट चेक. त्यातली एकही पायरी तुझ्या अनुभवाचा अपमान करायला ठेवलेली नाही. आम्ही तीन महिन्यांहून जास्त एखाद्या सेक्शनवर गेलो नाही तर पुन्हा रोड लर्निंग, म्हणजे तो मार्ग नव्याने ओळखून घेणं, करावं लागायचं, मग तो सेक्शन जन्मभराचा ओळखीचा का असेना. तुमचं ९० दिवसांत तीन टेक-ऑफ आणि तीन लँडिंगचं तसंच आहे. एवढे महिने तू घरी आहेस, हात थोडा थंड झाला असणारच. त्यात लाज कसली?

लहान वयाच्या कॅप्टनचं म्हणशील तर मला त्यात काळजी एकाच गोष्टीची वाटते. तू कॅप्टन राहिलेली असल्याने एक तर सारखी बोलशील, नाहीतर मन मारून गप्प बसशील. दोन्ही वाईट. उजव्या खुर्चीचं काम म्हणजे बघणं आणि दिसलं ते वेळेवर, स्पष्ट बोलणं. आमच्याकडे असिस्टंटने सिग्नल मोठ्याने म्हणायचा आणि ड्रायव्हरने परत म्हणायचा, मग पुढे कितीही मोठा माणूस बसलेला असो. डाव्या खुर्चीतून को-पायलट कसा असावासा वाटायचा हे तुझ्याएवढं कोणाला माहीत? तसंच बस. कमांड, म्हणजे कॅप्टनची खुर्ची, पुन्हा मिळेल, त्याला किती वर्षं लागतील ते मी सांगू शकत नाही. पण मिळेल तेव्हा ती ए३२० वरची असेल.

कागदांचं विसरू नकोस. जुन्या कंपनीच्या थकलेल्या पगारासाठी दिवाळखोरीच्या प्रकरणात कर्मचाऱ्याच्या दाव्याचा फॉर्म डी भरलास का? लिक्विडेशन झालं तर कायद्याने कर्मचाऱ्यांचा १२ महिन्यांपर्यंतचा पगार बराच वरच्या क्रमात येतो. पण क्रम वर असला म्हणून पैसा येतोच असं नाही, तेव्हा तो हिशेबात धरून घराचे हप्ते ठरवू नकोस. क्लास वन मेडिकलची तारीख एकदा बघून घे, रुजू व्हायच्या दिवशी ते मुदतीबाहेर गेलेलं नको. आणि बाँड. टाइप रेटिंगचा, म्हणजे ए३२० उडवायची पात्रता मिळवण्याचा, खर्च कंपनी करणार असेल तर किती वर्षांचा बाँड, मध्येच कंपनीने काढलं तर पैसे कोणी भरायचे, हे शब्दाशब्दाने वाच. नोकरी सोडतानाच्या नोटिशीचा नियम तुला माहीत आहेच, को-पायलटला सहा महिने, कॅप्टनला एक वर्ष. तुझ्या हुद्द्यात एवढी एक गोष्ट तरी तुझ्या सोयीची झाली.

नातेवाईक विचारतील. आजच फैजपूरच्या लग्नात विचारलंच एकाने, पोरगी घरीच का म्हणून. मी सांगितलं, मोठ्या विमानाच्या ट्रेनिंगला चाललीय. तुझी आई माझ्याकडे बघत राहिली, कारण तू अजून हो म्हणालेली नाहीस. शिरपूरला तू २०० तास पूर्ण करत होतीस तेव्हाही हेच लोक विचारायचे, मुलीला हे कशाला. त्यांना उत्तर द्यायची जबाबदारी आम्हा दोघांची आहे. तुझी नाही.

यावलच्या शेतातली केळी या वाऱ्यात थोडी आडवी झाली, फार नाही. काका पंचनाम्यासाठी तलाठ्याकडे जाऊन आलेत. कळण्याचं पीठ दळून ठेवलंय, गुरुग्रामला निघण्याआधी दोन दिवस तरी ये म्हणते तुझी आई. बाँडचे कागद आले की सही करण्याआधी मला फोटो काढून पाठव, मी इथे वकिलांना दाखवून त्याच दिवशी संध्याकाळी फोन करतो.

तुझे
आप्पा