फ्लॅपचं टोक

प्रिय अव्या,

सहा महिने झाले, तुला एक ओळ लिहिली नाही. रागावला असशील तर ते रास्तच आहे. गुडघा बरा, बीपी गोळीवर. ते जाऊ दे. आज लिहितोय ते डोक्यातून एक गोष्ट जात नाही म्हणून, आणि ती तुझ्याशिवाय कुणाला कळायची नाही.

वॉर्डात उसाच्या चरकात हात गेलेला पेशंट आहे. हाताच्या पाठीवरची कातडी मनगटापर्यंत सोललीय, टेंडन उघडे. ग्रॉइन फ्लॅप करायचाय, म्हणजे जांघेतली कातडी रक्तवाहिनीसकट उचलून, एका बाजूने तिथेच जोडलेली ठेवून हातावर शिवायची, आणि टोक एएसआयएसच्या, कमरेच्या हाडाच्या पुढच्या उंचवट्याच्या, पलीकडे सहा सेंटिमीटर तरी न्यावं लागेल असं दिसतंय. रेसिडेंट विचारतो, "सर, टोकाला पीआरपी देऊ या? ग्रोथ फॅक्टर आहेत त्यात." पीआरपी म्हणजे पेशंटच्याच रक्तातला प्लेटलेटने भरलेला प्लाझ्मा, आणि ग्रोथ फॅक्टर म्हणजे पेशींना वाढायला लावणारी प्रथिनं. पोरगा हुशार आहे, वाचून आलाय. नुसतं 'नको' म्हणून त्याला गप्प करणं मला पटत नाही.

अडचण वेळेची आहे. एएसआयएसपर्यंत आपली सुपरफिशियल सर्कमफ्लेक्स इलियाक धमनी सोबत असते. पुढचं सगळं सबडर्मल प्लेक्ससच्या, कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्यांच्या जाळ्याच्या, भरवशावर. ते टोक जगणार की मरणार हे पहिल्या दोन-तीन दिवसांत ठरतं. व्हीईजीएफने, म्हणजे रक्तवाहिन्या वाढवणाऱ्या ग्रोथ फॅक्टरने, नवी केशवाहिनी फुटून तिच्यातून रक्त धावायला मात्र चार-पाच दिवस लागतात. टेबलावर दिलेलं इंजेक्शन म्हणजे वरात गेल्यावर आलेला बँड. शिवाय १९८३ मध्ये हा रेणू सापडला तो रक्तवाहिन्या गळक्या करतो म्हणून. त्याचं पहिलं नावच व्हॅस्क्युलर पर्मिअ‍ॅबिलिटी फॅक्टर. आधीच ताणलेल्या टोकाला त्यानं सूज आली तर उरलेल्या केशवाहिन्याही दबतील.

उंदरांचे निकाल चांगले आहेत, ते मी नाकारत नाही. पण उंदराची कातडी सैल, खाली पॅनिक्युलस कार्नोसस या पातळ स्नायूचा थर. पाठीवरच्या फ्लॅपखाली सिलिकॉनची शीट घातली नसेल तर तो तळातूनही रक्त ओढतो, ग्राफ्टसारखा. त्यामुळे असा पेपर हातात आला की मी आधी शीट होती का ते बघतो, मग फॅक्टर कधी दिला ते. चांगले आकडे बरेचदा फ्लॅप उचलण्याआधी दिलेल्यांचे असतात. बेकाप्लेर्मिन या ग्रोथ फॅक्टरच्या जेलचंही तसंच. १९९७ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली ती मधुमेही पायाच्या जखमेसाठी, आणि रक्तपुरवठा पुरेसा असेल तरच. आपल्या टोकाला नेमकं तेच नाही.

आता आपलं जुनं भांडण. तू डिलेला, म्हणजे फ्लॅप आधी अर्धवट सोडवून काही दिवस थांबण्याला, 'म्हाताऱ्यांचा वेळकाढूपणा' म्हणायचास आणि सर तुझ्याकडे नुसते बघत राहायचे. अरे, पण डिले म्हणजे दुसरं काय? दोन्ही बाजूंनी छेद घेऊन टोक खालून सोडवलं की सिंपथेटिक नसा तुटतात, शेजारच्या रक्तवाहिन्यांना जोडणाऱ्या अरुंद चोक व्हेसल्स रुंदावतात. हे रुंदावणं ४८ ते ७२ तासांत सगळ्यात जास्त होतं, आणि त्या टोकात व्हीईजीएफ शरीर स्वतःच वाढवतं. योग्य जागी, योग्य वेळी, फुकट.

म्हणून असं ठरवलंय. उद्या डिब्राइडमेंटच्याच (जखमेतला मेलेला भाग काढायच्या) भुलीत एएसआयएसच्या पलीकडचा भाग वरून-खालून छेद देऊन उचलायचा, टोकाकडची कड जोडलेलीच ठेवायची, आणि परत शिवायचा. टेंडनवर पॅराफिन गॉज, त्यावर व्हॅक, म्हणजे जखमेतला स्राव ओढून घेणारा फोम. फोम थेट टेंडनवर ठेवला तर टेंडन वाळतो. ४८ तासांनी पुन्हा बघायचं, जखम स्वच्छ असेल तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी फ्लॅप. ट्यूब, म्हणजे जांघ आणि हात यांच्यामधली कातडीची गुंडाळी, आखूड ठेवायची, कारण ट्यूबमध्ये गेलेला प्रत्येक सेंटिमीटर टोकाकडून वसूल होतो. कोपर-खांदा नीट बसवून हात जवळ आणला तर सहाचे चार होतील. तीन आठवड्यांनी डिव्हिजन, म्हणजे हात जांघेपासून सोडवायचा.

पीआरपी कुठे चालेल, तेही त्याला सांगितलं. ठरवून करायचा फ्लॅप असेल तर काही दिवस आधी, एथिक्स कमिटीच्या परवानगीने, अभ्यास म्हणून. रक्त सायट्रेटमध्ये घ्यायचं, पहिला स्पिन हलका, दुसरा जोरात, आणि प्लेटलेट मोजायच्या. न मोजलेला पीआरपी म्हणजे नुसता प्लाझ्मा असू शकतो. कॅल्शियम क्लोराइड घातलं की लगेच वापरायचा, बहुतेक फॅक्टर पहिल्या तासाभरात बाहेर पडतात. एका जागी ०.१ मिलिपेक्षा जास्त नको. फुगा आला की त्या फुग्यानेच कातडी पांढरी पडते. आणि तोंडाच्या कॅन्सरच्या फ्लॅपमध्ये अजिबात नको. मागे राहिलेल्या चार पेशींना आपणच खतपाणी घालायचं का?

मला खरी भीती वेगळीच आहे. इंजेक्शन दिलंय म्हणून रात्री दोनला कुणी फ्लॅप बघायला उठणार नाही. टोक जांभळं, दाबल्यावर एका सेकंदाच्या आत रंग परत, टोचलं की काळं रक्त, म्हणजे शीर अडलीय. पेडिकल (फ्लॅपचा देठ) मुरगळलंय, टाका घट्ट आहे की खाली हिमॅटोमा (साठलेलं रक्त) आहे, ते तेव्हाच बघायला हवं. यातल्या एकावरही ग्रोथ फॅक्टरचा उपयोग नाही. टाका कापायला माणूसच लागतो.

चिमीच्या नीटचं काय झालं? वहिनींची बदली रद्द झाली का? दोन्ही कळव.

रविवारी रात्री टोकाचा फोटो पाठवतो. झोपू नकोस.

तुझा,
बंड्या