बारीक पट्टीच्या ‘सागवानी’ फ्रेम्सच्या संचाबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय: वर्णनाशी न जुळणाऱ्या व सदोष फ्रेम्स परत घेऊन पूर्ण रक्कम परत मिळण्याबाबत, तसेच आपल्या प्रतिनिधीच्या लेखी सल्ल्यामुळे छायाचित्राच्या झालेल्या नुकसानीबाबत

महोदय,

जून महिन्यात मी आपल्या संकेतस्थळावरून बारीक पट्टीच्या सात फ्रेम्सचा संच मागवला. त्यात 12 × 18 इंचांच्या तीन आणि 8 × 10 इंचांच्या चार फ्रेम्स होत्या. उत्पादनाच्या पानावर ‘अस्सल सागवानी पट्टी, दर्शनी रुंदी 10 मिलिमीटर, आम्लविरहित माउंटसह’ (माउंट म्हणजे चित्राभोवती, काचेच्या मागे बसवायची पुठ्ठ्याची चौकट) असे वर्णन होते व आजही ते तसेच आहे. ऑर्डरचा क्रमांक, पावती आणि खाली उल्लेख केलेल्या प्रत्येक दोषाची छायाचित्रे या पत्रासोबत जोडली आहेत.

या फ्रेम्स आमच्या पुण्यातील सदनिकेच्या पॅसेजसाठी होत्या. माझे वडील चित्रकला शिक्षक होते. सुट्टीत वाईला गेले की कृष्णेच्या घाटांवर बसून ते जलरंगात चित्रे काढत. ढोल्या गणपतीचे देऊळ, मेणवलीचा घाट, तिथली वसईच्या मोहिमेनंतर आणलेली मोठी घंटा अशी त्यांची तीन चित्रे आणि घरातील चार जुनी कृष्णधवल छायाचित्रे एका भिंतीवर ओळीने लावायची, असे आम्ही ठरवले होते. आमच्या जुन्या वाड्यात तसबिरींना चार-चार बोटे रुंद, कोरीव चौकटी असत आणि त्या दारांच्या वर, पुढे झुकवून टांगलेल्या असत. उंच भिंतींना आणि जाड काचांना ते शोभतही असे. अरुंद पॅसेजमध्ये, नऊ फुटांच्या छताखाली, तशी चौकट भिंत खाऊन टाकते आणि जाता-येता खांद्याला लागते. शिवाय वडिलांच्या चित्रांत कागदाचा कोरा पांढरा भाग मुद्दाम राखलेला आहे. मेणवलीच्या चित्रात घंटेच्या उजवीकडचे आकाश म्हणजे निव्वळ कोरा कागदच आहे, आणि तो मोकळेपणा रुंद, नक्षीदार चौकटीत गुदमरला असता. म्हणूनच साधी, बारीक, नैसर्गिक लाकडी रंगाची पट्टी आम्ही विचारपूर्वक निवडली. आपण ही वस्तू ‘मिनिमल’ सजावटीसाठी विकता, त्यामुळे ग्राहक ती कोणत्या कारणासाठी घेतो हे आपल्याला ठाऊक आहे असे मी गृहीत धरते.

पहिली आणि मूळ तक्रार अशी की, या पट्ट्या सागवानाच्या नाहीत. त्या कोणत्याच लाकडाच्या नाहीत. सातही फ्रेम्स शेजारी ठेवल्यावर पट्टीवरील एक विशिष्ट गाठ, जिच्या डाव्या बाजूस दोन बारीक रेषा फुटतात, ती प्रत्येक फ्रेमवर तशीच्या तशी आणि ठरावीक अंतराने पुन्हा दिसते. खऱ्या लाकडात दोन गाठी एकसारख्या नसतात; ही छापलेली पातळ फिल्म आहे. मागच्या बाजूने, जिथे काच बसवण्याची खाच असते तिथे, फिल्म संपते आणि आतला पांढरा, दाणेदार, नखाने खरवडता येणारा फोम उघडा दिसतो. हे पॉलिस्टायरीन आहे, म्हणजे आपण रोजच्या बोलण्यात ज्याला थर्मोकोल म्हणतो त्याच कुळातले, दाबून घट्ट केलेले प्लॅस्टिक. या प्लॅस्टिकच्या पट्ट्या बाजारात उघडपणे, त्यांच्या खऱ्या नावाने आणि रास्त किमतीत मिळतात, आणि त्या तशा विकण्यास माझी काहीही हरकत नाही. माझी हरकत सागवानाचे नाव लावून सागवानाची किंमत घेण्याला आहे.

हा प्रश्न दिखाऊपणाचा नाही, हे मला थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण आपल्या प्रतिनिधीने दूरध्वनीवर ‘दिसायला तर सारखेच आहे ना’ असे उत्तर दिले. रुंद चौकटीत साहित्य हलके असले तरी रुंदी तिला सांभाळून घेते, आणि कोपऱ्यांतील लहानसहान फट नक्षीत लपून जाते. बारीक पट्टीला असा कोणताही आधार नसतो. आमच्या पेठेत फ्रेम करणाऱ्या एका जुन्या कारागिरांना मी आपली फ्रेम दाखवली. त्यांनी स्वतः केलेली सागवानी फ्रेम शेजारी ठेवून फरक दाखवला. समोरून त्यांची पट्टीही बारीकच होती, परंतु ती भिंतीच्या दिशेने जवळजवळ एक इंच खोल होती. ते तिला ‘उभी पट्टी’ म्हणतात. समोरून जी रुंदी कमी केली ती ताकद खोलीतून परत मिळवायची, हा बारीक फ्रेमचा साधा हिशेब आहे. ॲल्युमिनियमच्या बारीक फ्रेम्स टिकतात त्याही याच कारणाने: धातू मुळातच ताठ असतो आणि कोपऱ्यांत आतून धातूचा कोन बसवून तो स्क्रूने आवळलेला असतो. आपल्या फ्रेमची पट्टी समोरून 10 मिलिमीटर आणि खोलीलाही जेमतेम 14 मिलिमीटर आहे, आणि तीही फोमची. अशी पट्टी 18 इंचांच्या लांबीवर सरळ राहणे शक्यच नाही.

आणि ती राहिलेली नाही. तिन्ही मोठ्या फ्रेम्सच्या लांब बाजूंना मध्यभागी सुमारे 4 मिलिमीटर बाहेरच्या बाजूस बाक आला आहे. एकटी फ्रेम टांगली तर कदाचित हे चटकन लक्षात येणार नाही. परंतु बारीक फ्रेम्स ओळीने लावल्या की त्यांमधली मोकळी जागा हाच सजावटीचा अर्धा भाग असतो. आम्ही पाणसळ लावून, दोन फ्रेम्समध्ये 50 मिलिमीटरचे अंतर ठेवून त्या टांगल्या होत्या. वर आणि खाली अंतर बरोबर 50 भरते, आणि मध्यभागी ते 42 होते. पॅसेजमध्ये पाऊल टाकताच सर्वप्रथम नजर तिथेच जाते, चित्रांकडे नंतर.

कोपऱ्यांची स्थिती याहून वाईट आहे. 45 अंशांत कापलेल्या दोन पट्ट्यांचा जोड बंद असावा एवढीच अपेक्षा असते. येथे पाच फ्रेम्सच्या किमान एका कोपऱ्यात फट असून तीत व्हिजिटिंग कार्ड सहज जाते. फटीतून पांढरा फोम दिसतो, आणि गडद लाकडी रंगावर ती पांढरी रेघ पॅसेजच्या दुसऱ्या टोकावरूनही दिसते. याचे कारण आपल्या रचनेतच आहे. मागची खाच इतकी उथळ आहे की काचेच्या जागी असलेला ॲक्रिलिकचा पत्रा, माउंट, चित्र आणि 3 मिलिमीटरचा मागचा बोर्ड एवढे सगळे तीत मावत नाही. मागच्या लवचिक पत्र्याच्या पट्ट्या जोर लावून दुमडल्या की तो सगळा दाब पट्टीला बाहेर ढकलतो. पट्टी वाकते आणि कोपरे उघडतात. त्यामुळे वाहतुकीत धक्का बसल्याने फट पडली असावी, हे आपल्या पहिल्या ईमेलमधील स्पष्टीकरण मला मान्य नाही. पॅकिंग व्यवस्थित होते, खोका कुठेही चेपलेला नव्हता, आणि फ्रेम्स रिकाम्या असताना कोपरे बरेच घट्ट होते.

आता ज्या गोष्टीचे मला सर्वाधिक दुःख झाले आहे त्याकडे येते. माउंट लावल्यावर मागचा बोर्ड बसत नाही, असे मी लेखी कळवल्यावर आपल्या ग्राहक सेवेकडून ईमेलने उत्तर आले की, ‘माउंट काढून टाकावे व छायाचित्र थेट ॲक्रिलिकच्या मागे ठेवावे, फ्रेम व्यवस्थित बसेल.’ ही ईमेलही सोबत जोडली आहे. माउंट शोभेसाठी असते हा समज अपुरा आहे. चित्र आणि काच यांच्यात हवेची फट ठेवणे हे त्याचे मुख्य काम. जुन्या कृष्णधवल छायाचित्रांच्या पृष्ठभागावर जिलेटिनचा थर असतो. हवेत ओल असली की तो मऊ पडतो आणि ज्या गुळगुळीत पृष्ठभागाला टेकला असेल त्याला धरतो. आपल्या सल्ल्यानुसार लावलेले माझ्या आजीचे छायाचित्र आषाढातल्या पावसात याच कारणाने ॲक्रिलिकला चिकटले. शिवणयंत्रावर बसलेली आजी, एक हात चाकावर, असे ते छायाचित्र आहे, आणि तिचे तरुणपणीचे आमच्याकडे तेवढेच आहे. छायाचित्रांच्या जतनाचे काम करणाऱ्या व्यक्तीकडून ते सोडवून घेतले, तरीही हाताच्या आणि चाकाच्या जागी कायमचा चकाकणारा डाग राहिला आहे. या डागाची भरपाई पैशाने होणारी नाही, हे मी जाणते. परंतु फ्रेम विकणाऱ्या कंपनीच्या ग्राहक सेवेतून असा सल्ला जातो आणि तो आजही इतर ग्राहकांना दिला जात असेल, ही गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाही. पावसाळ्यात पुण्यातच ही स्थिती होते. मुंबईत आणि कोकणात तर भिंतींनाच ओल येते.

फ्रेम्स परत घेण्याची मागणी मी केली तेव्हा ‘एकदा चित्र बसवलेली फ्रेम परत घेतली जात नाही’ असे धोरण मला दाखवण्यात आले. चित्र बसवल्याशिवाय खाच उथळ आहे हे कोणत्याही ग्राहकाला कळू शकत नाही, त्यामुळे हे धोरण मुळातच अन्यायकारक आहे. शिवाय ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, 2020 नुसार सदोष असलेली किंवा जाहिरातीत सांगितलेल्या गुणधर्मांशी न जुळणारी वस्तू परत घेण्यास नकार देता येत नाही. कंपनीचे अंतर्गत धोरण या नियमांच्या वर असू शकत नाही. त्याच नियमांनुसार तक्रारीची पोच 48 तासांत देणे आणि तक्रार मिळाल्यापासून एक महिन्याच्या आत तिचे निवारण करणे ही तक्रार निवारण अधिकाऱ्याची जबाबदारी आहे. म्हणूनच हे पत्र मी ग्राहक सेवेऐवजी थेट आपल्याकडे पाठवत आहे.

सातही फ्रेम्स आपण आपल्या खर्चाने घेऊन जाव्यात आणि संपूर्ण रक्कम, पाठवणीच्या शुल्कासह, मूळ खात्यात परत करावी, ही माझी मागणी आहे. त्यांच्या बदल्यात त्याच प्रकारच्या दुसऱ्या फ्रेम्स मला नकोत, कारण दोष एखाद्या नगात नसून साहित्यात आणि मापात आहे. छायाचित्र सोडवून घेण्यासाठी आलेला खर्च, ज्याची पावती जोडली आहे, तोही आपण द्यावा. उत्पादनाच्या पानावरील ‘अस्सल सागवानी’ हे शब्द तातडीने काढून तिथे पट्टीचे खरे साहित्य, तिची खोली आणि खाचेचे माप स्पष्ट लिहावे. माउंट ‘आम्लविरहित’ असल्याचा दावा कशाच्या आधारे केला आहे तेही कळवावे, कारण पट्टीबाबतचा अनुभव पाहता त्या दाव्यावर विश्वास ठेवून वडिलांची चित्रे त्या माउंटमध्ये ठेवण्यास मी तयार नाही. आणि माउंट काढून टाकण्याचा सल्ला यापुढे कोणत्याही ग्राहकाला दिला जाऊ नये, अशी लेखी सूचना आपल्या ग्राहक सेवेला देऊन तिची प्रत मला पाठवावी.

नियमांतील मुदतीत समाधानकारक कार्यवाही न झाल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवेन. त्यानंतरही प्रश्न सुटला नाही, तर ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 अन्वये पुणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन; तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगाकडे जाण्याची सोय त्या कायद्यात आहे. तोपर्यंत सातही फ्रेम्स मी मूळ खोक्यात, आहेत त्या स्थितीत ठेवल्या आहेत. आपला प्रतिनिधी आधी कळवून कोणत्याही दिवशी येऊन त्या पाहू शकतो.

आपली,
ग्राहक
(नाव, पत्ता व संपर्क क्रमांक ऑर्डरसोबत नोंदवलेले आहेत)

सोबत: पावतीची प्रत, उत्पादनाच्या पानाची छायाप्रत, ग्राहक सेवेच्या ईमेलची प्रत, फ्रेम्सच्या कोपऱ्यांची व मागच्या बाजूची छायाचित्रे, छायाचित्र सोडवून घेतल्याच्या खर्चाची पावती