काकू, त्या घावनांसाठी

ती. काकूंना साष्टांग नमस्कार.

आईची पंचाहत्तरी होऊन आठवडा झाला. समोर येऊन आभार मानायला गेले की तुम्ही "असू दे गं" म्हणत आत निघून जाता. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय.

माझा बेत सोपा होता. रविवारी संध्याकाळी गच्चीवर तीस माणसं, ज्याने त्याने हाताने वाढून घ्यायचं. सामोसे, सँडविच, ढोकळा बाहेरून आणायचा, चहा घरी. तुमच्याकडे आले ती फक्त मोठं पातेलं मागायला. तुम्ही यादी वाचलीत आणि विचारलंत, "यातलं भाची काय खाणार?"

मी म्हटलं, ती डबा आणते.

तिला सिलिअ‍ॅक हा आतड्यांचा आजार आहे. गहू, रवा, मैदा, सातू, यातलं काही चालत नाही, चिमूटभरसुद्धा नाही. मागे एका लग्नात वाढणाऱ्याने "तांदळाचंच आहे" म्हणून काहीतरी दिलं आणि पोर रात्रभर पोट धरून बसली. तेव्हापासून नऊ वर्षांची ती मुलगी कुठल्याही कार्यात आपला डबा घेऊन एका बाजूला बसते. आम्हाला त्याची सवय झाली होती. तुम्हाला मात्र ते ऐकवलं नाही.

मग तुम्ही मला प्रत्येक पाहुण्याला फोन करायला लावलेत. किती गोष्टी निघाल्या! भावाच्या मित्राच्या मुलाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी. मामांना मधुमेह. एका मावशींना दूध पचत नाही. समोरचं जैन कुटुंब कांदा, लसूण, बटाटा तर खात नाहीच, पण ओलं आलंही नाही, आणि सूर्यास्तानंतर काहीच नाही. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणून वेळ साडेतीनची ठरली. मेगाब्लॉक आहे, डोंबिवलीकरांना लवकर निघायला सांग, हेही तुम्हीच सुचवलंत. त्या दिवशी आठम किंवा चौदस येते का, हे कालनिर्णय उतरवून पाहिलंत, कारण त्या तिथींना त्यांच्याकडे हिरवं चालत नाही. मला इतक्या वर्षांच्या शेजारात हे माहीत नव्हतं.

सामोसे, सँडविच तुम्ही यादीतून काढूनच टाकलेत. वेगळ्या कोपऱ्यात ठेवू म्हटलं, तर म्हणालात की गर्दीत एका ताटलीतला चमचा दुसरीत जातो, पावाचा चुरा सगळीकडे उडतो. टेबलावर गव्हाचं आणि दाण्याचं काही नकोच. दाण्यांशिवाय दडपे पोहे कसले, म्हणून आई जरा रुसली होती. काकडी, ओलं खोबरं आणि लिंबू घातलेले तुमचे पोहे तिने दोनदा घेतले, ते मी पाहिलंय.

हिंगाचं तर माझ्या सात जन्मांत लक्षात आलं नसतं. फोडणीच्या आधी तुम्ही चष्मा लावून डबी उलटी केलीत आणि बारीक अक्षरांवर बोट ठेवलंत: गव्हाचं पीठ. शुद्ध हिंग फार उग्र, म्हणून तो डिंक आणि पिठात बांधतात, आणि ते पीठ बऱ्याचदा गव्हाचं असतं. भाचीला घरचं वरण खाऊनही कधीकधी त्रास का व्हायचा, हा प्रश्न माझ्या बहिणीला कितीतरी दिवस पडला होता. तिने त्याच रात्री घरातली डबी तपासली. तिच्यातही तेच निघालं.

तांदळाचं पीठ गिरणीतून आणू दिलं नाहीत. आधी कुणाचा गहू दळून गेला असेल तर तो आपल्या पिठात उतरतो. तांदूळ रात्री भिजवून सकाळी मिक्सरवर वाटलेत. आमच्या तव्यावर रोज पोळ्या होतात, म्हणून स्वतःचा बिडाचा तवा वर आणलात, ज्यावर घावनांशिवाय कधी काही पडलं नाही. कच्च्या केळ्यांचे पॅटिस, मामांसाठी खोबरं-लिंबाचे हरभरे, सुंठ-वेलचीचा चहा आणि साखर वेगळ्या वाटीत, मावशींसाठी बिनदुधाचा गवती चहा. सगळं झालं.

पण मला सांगायचंय ते यानंतरचं. भाची डबा पोटाशी धरूनच गच्चीवर आली. टेबलापाशी थांबून तिने तुम्हाला विचारलं, "यातलं माझं कोणतं?" तुम्ही तव्यावरून मान वर न करता म्हणालात, "सगळं." तिने तिच्या आईकडे, म्हणजे माझ्या बहिणीकडे पाहिलं. तिने मान हलवली. मग भाचीने डबा खुर्चीवर ठेवला, ताटली घेतली आणि रांगेत सगळ्यांच्या मागे जाऊन उभी राहिली. रांगेत! तुम्ही जाळीदार घावन उलथण्याने उचलून तिच्या ताटलीत घातलंत, वर चटणी वाढलीत. ती इतर मुलांबरोबर सतरंजीवर बसून जेवली. तिसरं घावन मागायला आली तेव्हा तिच्या हनुवटीला खोबरं लागलं होतं. माझी बहीण पाण्याच्या टाकीमागे जाऊन रडली, हे तुम्हाला माहीत नसेल.

डबा तसाच बंद घरी गेला.

काकू, मनापासून आभार. तवा कोमट पाण्याने पुसून, तेलाचा हात लावून ठेवलाय, साबण लावलेला नाही. रविवारी सकाळी आणून देते. भाचीही येणार आहे, तिला तुमच्याकडून पीठ किती पातळ ठेवायचं ते शिकायचंय.

तुमची,
वरच्या मजल्यावरची