तापलेला गिअर लिव्हर आणि आंबा घाटावरचे मिस्त्रीकाका

मिस्त्रीकाका, सप्रेम नमस्कार.

गाडीच्या कामाचे आभार तेव्हाच मानले होते. पण गिअर लिव्हर का तापतो हे तुम्ही ज्या धीराने समजावून सांगितलंत, त्यासाठी हे जाहीर पत्र. आणखी कुणाची तरी भीती जाईल.

आंबा घाट चढताना लिव्हरची मूठ चांगलीच गरम लागत होती. त्याआधी एका गॅरेजात ‘गिअरबॉक्स उतरवावा लागेल’ असं ऐकलेलं, त्यामुळे आई आणि मी दोघंही धास्तावलेलो. तुम्ही आम्हाला चहा दिलात आणि सायलेन्सरचा पाइप निवेपर्यंत गाडीखाली शिरला नाहीत. घाई केली नाहीत, याचंच मला फार अप्रूप वाटलं.

आमची गाडी मागच्या चाकांवर चालणारी. अशा गाडीत गिअरबॉक्स केबिनच्या तळाखालीच असतो आणि लिव्हर थेट त्याच्यावर उभा. घाटात इंजिनाचा सगळा जोर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरच्या दात्यांतून जातो. चौथ्यात बहुधा तो सरळ पुढे निघून जातो. दाते घासतात, ऑइल घुसळलं जातं, वेग कमी म्हणून खालून वाराही लागत नाही. त्यात चढावर हाफ क्लचवर, म्हणजे क्लचचं पेडल अर्धवट दाबून, गाडी रेटली की क्लचची उष्णताही शेजारच्या गिअरबॉक्सलाच. “आमटीत ठेवलेल्या पळीचा दांडा तापतो ना वहिनी, तसंच,” असं तुम्ही आईला म्हणालात आणि ती पहिल्यांदा हसली.

थोडी ऊब साहजिक, पण आमची जरा जास्तच होती. तुम्ही लिव्हरचं कव्हर वर केलंत आणि आतला फाटलेला रबरी बूट, म्हणजे लिव्हरच्या बुडाशी बसवलेलं रबरी आवरण, दाखवलात. खाली सायलेन्सरच्या पाइपावरचा उष्णता अडवणारा पत्राही सुटून लोंबत होता. म्हणजे पाइपाची धग त्या फटीतून सरळ माझ्या हाताशी येत होती. तरी तुम्ही तेवढ्यावर थांबला नाहीत. गाडी सपाटीला घेऊन गिअरबॉक्सचा बाजूचा नट काढलात आणि बोट घालून दाखवलंत, ऑइल भोकाच्या कडेपर्यंत होतं. ऑइल कमी असतं तर लिव्हर तापण्यासोबत गिअरबॉक्समधून रडका आवाज आला असता, गिअर जड पडले असते, जळकट वास आला असता. गाडी उभी राहते तिथे तेलाचे थेंब दिसतात का ते बघत जा, हेही बजावलंत.

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या मोटारीत गिअरबॉक्स बॉनेटखाली असतो, लिव्हरपर्यंत नुसती केबल किंवा दांडे येतात. तिथे मधला भाग तापला तर आधी सायलेन्सरचा पाइप आणि त्यावरचा पत्रा बघायचा, हे तुम्ही जाता जाता सांगितलंत. माझ्या मेहुण्याला त्याचा लगेच उपयोग झाला.

नवा बूट बसवून तुम्ही पत्रा क्लॅम्पने आवळून दिलात. मोठं काम काढून बिल वाढवणं तुम्हाला सहज शक्य होतं. आम्हाला त्यातलं काहीच कळलं नसतं. आईच्या औषधपाण्याच्या दिवसांत तुमचा हा सचोटीपणा आम्हाला फार मोलाचा वाटला.

गिअर ऑइल बदलायची वेळ आली की गाडी तुमच्याकडेच आणतो. आईने तुमच्यासाठी कोकमं वाळवून ठेवली आहेत.

तुमचा ऋणी,
रत्नागिरीचा एक गाडीवाला