कात्री आधी ग्रंथालयालाच का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अनुदान रखडले असताना महाविद्यालयांनी अनावश्यक खर्चाला कात्री लावावी, असा सल्ला देणारा लेख कालच्या अंकात वाचला. लेख कळकळीने लिहिला आहे. पण अनावश्यक काय हे ठरवायचे कोणी, याबद्दल त्यात अवाक्षर नाही. माझी सारी नोकरी सोलापूर शहरातल्या एका अनुदानित महाविद्यालयाच्या ग्रंथालयात गेली. तंगी आली की कात्री आधी कुठे चालते, हे मी जवळून पाहिले आहे.

वेतन अनुदान उशिरा का होईना, येते. ओढाताण होते ती वेतनेतर, म्हणजे पगार सोडून बाकीच्या खर्चासाठीच्या, अनुदानाची. ते किती येणार, कधी येणार, हे जूनमध्ये प्राचार्यांनाही सांगता येत नाही. बारावी पंचवार्षिक योजना 2017 मध्ये संपली आणि विद्यापीठ अनुदान आयोगाकडून पुस्तकांसाठी येणारा पैसाही आटला. अनुसूचित जातींच्या शिष्यवृत्तीतला केंद्राचा 60 टक्के वाटा आता थेट मुलांच्या खात्यात जातो. तो केव्हा जमा होईल याचा नेम नाही, आणि तोवर कॉलेजची फी अडकलेली. यात मुलांचा काडीचा दोष नाही.

मग वर्षभर हात आखडता आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पळापळ. निधी परत जाऊ नये म्हणून विक्रेत्याकडे पडून असेल ते घ्यायचे. रात्री थांबून आम्ही खोकी फोडायचो, शिक्के मारायचो, दाखल नोंदवहीत नोंदी करायचो. एकाच गाइडच्या ढीगभर प्रती निघायच्या, बी.एस्सी.च्या मुलांनी मागितलेले पुस्तक मात्र नसायचे. तीच रक्कम ऑगस्टमध्ये हाती असती तर अभ्यासक्रम बघून खरेदी झाली असती.

पण माझा खरा राग आहे तो अभ्यासिकेवरून. रात्री आठपर्यंत चालणारी आमची अभ्यासिका एका वर्षी वीजबिलाचे कारण देऊन संध्याकाळी पाचला बंद करायचा आदेश निघाला. कुंभारीच्या विडी घरकुलातून, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतून, एक मुलगी यायची. घरी जागा अपुरी, आई आणि काकू सुपात तंबाखू घेऊन विड्या वळत बसलेल्या, भोवती धाकट्यांचा दंगा. तिने मला विचारले, "मॅडम, माझ्या टेबलावरची एकच ट्यूब लावून बसू का? बाकीच्या बंद ठेवते." मी लेखी परवानगी मागितली, मिळाली नाही. त्याच सुमारास कॉलेजचा दर्जा तपासणारी मूल्यांकन समिती येणार म्हणून प्रवेशद्वाराला नवा रंग लागला, नावाच्या पाटीवर दिवे बसले आणि ते रात्रभर जळू लागले. त्यासाठी पैसे निघाले. एका ट्यूबसाठी निघाले नाहीत. निवृत्त झाले तरी ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

2016 च्या विद्यापीठ कायद्याने प्रत्येक कॉलेजला महाविद्यालय विकास समिती नेमावी लागते. वार्षिक अंदाजपत्रकाची शिफारस करणे हे तिचे काम, आणि वर्षातून किमान चार बैठका घेणे बंधनकारक. तिच्यात शिक्षक असतात, शिक्षकेतर कर्मचारी असतात, विद्यार्थ्यांचा प्रतिनिधीही असतो. मग ते अंदाजपत्रक सूचना फलकावर का लागत नाही? पैसा किती येईल हे ठाऊक नसेल तर दोन अंदाजपत्रके करा, एक पूर्ण अनुदान धरून, दुसरे निम्मे धरून. आणि अभ्यासिका, क्रमिक पुस्तके, प्रयोगशाळेतली रसायने यांना दोन्हींत हात लागणार नाही, हे आधीच लिहून ठेवा. एन-लिस्ट ही कॉलेजांना नियतकालिके आणि पुस्तके ऑनलाइन पुरवणारी योजना. माझ्या वेळी तिची वर्गणी वर्षाला सहा हजारांच्या आत होती, तेवढ्यात हजारो नियतकालिके मुलांना वाचता येत. ती वर्गणीसुद्धा थकवू नका.

आणखी एक. उजनी धरण भरले तरी सोलापूरला पाणी काही दिवसांआडच. आमच्या कॉलेजला टँकर विकत घ्यावे लागत, आणि तो पैसा शेवटी मुलांच्या फीमधूनच जाई. टँकर आला नाही की स्वच्छतागृहे कोरडी, आणि मुली दुपारचे तास सोडून घरी. हा खर्च कॉलेजच्या गळ्यात का पडतो, याचा जाब आपल्या दैनिकाने महापालिकेला विचारावा, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त ग्रंथपाल, जुळे सोलापूर