बाबांचा हात कागदावर काढून आण

नाशिक

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा रात्री दोन-अडीचला उठून उजवा हात झटकत बसतात, असं आई रविवारी फोनवर म्हणाली. तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच आहे.

सध्या मी स्प्लिंट, म्हणजे दुखऱ्या हाताला आधार देणारं टणक साचं, करायला शिकतेय. प्लास्टिकचा टणक पत्रा 65 ते 70 अंशांच्या पाण्यात मिनिटभर ठेवला की कणकेसारखा मऊ पडतो. टिपून घ्यायचा, आधी स्वतःच्या हाताला लावून चटका बसत नाही ना ते बघायचं, मग पेशंटच्या हातावर. घट्ट होईपर्यंत जेमतेम काही मिनिटं मिळतात. तेवढ्यात तो तळव्यांनी नुसता धरायचा. बोट रुतलं तर तिथे उंचवटा येतो आणि तोच पुढे टोचतो.

आई, यातलं निम्मं काम तुझंच आहे. आधी कागदावर हात आखायचा, कापून लावून बघायचा, मगच पत्र्याला कात्री. ब्लाऊजचं पेपर कटिंग करताना तू मला शेजारी बसवायचीस, ते आता कामाला येतंय.

माझा पहिला स्प्लिंट द्राक्षछाटणीला जाणाऱ्या एका मावशींसाठी होता. दंडाचं हाड मोडलं तेव्हा नस दुखावली, मनगट खाली लोंबायचं. मनगट थोडं वर उचलून स्प्लिंट बसवला आणि मला वाटलं, छान झालं. दोन दिवसांनी त्या आल्या तर करंगळीकडच्या मनगटाच्या हाडावर लाल वण, आणि मूठ मिटेना. "तुम्ही काढू नका म्हणाला होता ना," एवढंच म्हणाल्या. दुखत असूनही दोन दिवस घालून होत्या. अर्धा तास बसवून कातडी बघायची असते, ती मी बघितली नव्हती. ते मला अजून सलतं.

मॅडमनी पुन्हा पाणी तापवायला लावलं. हात बघणारे जिला हृदयरेषा म्हणतात, तिच्या अलीकडेच कड थांबली पाहिजे, तरच बोटं मुळापासून दुमडतात. अंगठ्याभोवतीची आयुष्यरेषाही मोकळी हवी, नाहीतर अंगठा बोटांपर्यंत पोचत नाही. आणि हाडावर आधी स्पंज ठेवून वरून पत्रा बसवायचा, म्हणजे तिथे जागा राहते. दुसऱ्या खेपेला मावशींनी त्याच हातानं चहाचा कप उचलला.

बाबा, मागावर तुमचं आयुष्य गेलं. अंगठा, तर्जनी, मधलं बोट यांनाच मुंग्या येतात का, ते नीट बघून ठेवा. मनगटात नस दाबली गेली की असं होतं, आणि झोपेत मनगट दुमडलं की दाब वाढतो. रात्री स्प्लिंटनं मनगट सरळ ठेवलं तर पुष्कळांना आराम पडतो. पण आधी डॉक्टरांना दाखवू, शुगरही तपासू. दिवसा घालायची गरज बहुतेक पडणार नाही, त्यामुळे पैठणी अडेल म्हणून नाही म्हणू नका. येवल्याहून सकाळची एसटी धरा, मी स्टँडवर घ्यायला येते.

आई, निघायच्या आदल्या रात्री बाबांचा उजवा हात कोऱ्या कागदावर ठेव, बोटं थोडी पसरून. पेन्सिल उभी धरून कडेनं फिरव, मनगटाच्या दोन्ही हाडांशी खूण कर. फोटो पाठवू नकोस, त्यात माप लहानमोठं होतं. कागदच घेऊन ये.

तुमची,
मनू