टेप, शाडूची माती आणि तुमचा एक रविवार हवा आहे

सप्रेम नमस्कार,

आपल्या वाचनालयाच्या बालविभागातली पंधरा-सोळा मुलं सध्या परळच्या गल्ल्यांचा नकाशा करत आहेत. छापील नकाशा रंगवायचा नाही, मोजून काढायचा, हे त्यांनीच ठरवलं.

भारतीय सर्वेक्षण विभाग १७६७ पासून नकाशे करतो. त्याच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशात एक सेंटीमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर. साठ मीटरची आपली वाडी त्यात जेमतेम राईच्या दाण्याएवढी. म्हणून मुलांनी १:२०० हे प्रमाण घेतलं. पहिल्या रविवारी वाडी पावलांनी मोजली. आठवीतल्या मुलाची ८४ पावलं भरली, पाचवीतल्या मुलीची १२०. भांडण जुंपलं. शेवटी टेप आणली, आणि त्याचं पाऊल ७१ सेंटीमीटरचं, तिचं ५० चं धरायचं, असा तह झाला.

आता काम चढउतारापाशी अडलंय. हिंदमाताला पाणी तुंबतं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक (ते नाव मुळात सिनेमागृहाचं, हे मात्र बऱ्याच जणांना आत्ता कळलं). पण पाणी आपल्या कुठल्या दारापर्यंत येतं आणि का, ते नकाशावर दाखवायचंय. गवंडी पारदर्शक नळीत पाणी भरून लेव्हल काढतात, तशीच मुलं दोन उंबऱ्यांच्या उंचीतला फरक काढतात. नळीत बुडबुडा राहिला की आकडा चुकतो, दोनदा चुकला. समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) समजाव्यात म्हणून परातीत शाडूची टेकडी करून बोट-बोट पाणी चढवायचं आणि दर वेळी काठाची रेघ कोरायची. माती विरघळायच्या आत!

३० मीटरच्या दोन टेपा, एक होकायंत्र, वीस मीटर पारदर्शक नळी आणि कार्डशीट हवे आहेत. चारशे मीटरचा रस्ता या प्रमाणात दोन मीटर लांब होतो, त्यामुळे कागद भरपूर लागतो. गणपतीच्या कारखान्यातली उरलीसुरली माती चालेल. जुने ॲटलास कृपया आणू नका, कपाट भरलंय. पैसे दिल्यास पावती लगेच मिळेल.

आणि जुनी माणसं हवीत. नकाशाच्या खुणांच्या सूचीत मुलांनी ‘आता नाही’ यासाठी पोकळ चौकोनाची खूण ठेवली आहे : गिरणीचा दरवाजा, खानावळ, सार्वजनिक नळ. १९८२ च्या गिरणी संपाआधीची गल्ली ज्यांना आठवते, त्यांनी रविवारी सकाळी नऊ ते अकरा मुलांबरोबर फिरावं. गुडघे दुखत असतील तर मुलं घरी येतील. खिडकीतून बोट दाखवलंत तरी पुरे.

नावं वाचनालयात संध्याकाळी सहा ते आठ या वेळेत नोंदवावीत. लेव्हलचं काम पावसाआधी उरकायचंय.

आपला,
कार्यवाह, बालविभाग